गॉथिक चर्च आणि जुना कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, एवढ्या जुन्या चर्चच्या फोटोंत बघण्यासारखं काय आहे? सगळे सारखेच तर दिसतात.

गॉथिक म्हणजे युरोपातली टोकदार कमानींची, उंच शिखरांची मध्ययुगीन बांधणी. पहिले दहा-बारा फोटो सारखेच दिसतात, मान्य. नंतर मात्र लक्षात यायला लागतं की अरे, ह्या फोटोत शिखर नाहीये, त्या फोटोत राजांच्या मूर्ती गायब आहेत, तिसऱ्यात बुरुजावर चक्क क्रेन उभी आहे! आपण "मध्ययुगीन गॉथिक" म्हणून आज ज्याच्यासमोर सेल्फी काढतो त्यातलं बरंच काही १९व्या शतकात नव्याने बसवलेलं आहे, आणि कॅमेरा नेमका ते बसवण्याच्या काळातच आला. म्हणजे दुरुस्तीच्या आधीचं रूप दाखवणारे हे शेवटचे साक्षीदार आहेत. माझा सगळा इंटरेस्ट तिथेच आहे, त्यामुळे खालची उत्तरं थोडी त्याच अंगाने जातात, चालवून घ्या.

सुरुवातीच्या फोटोग्राफरना चर्चच का सुचली?

चर्च हलत नाही, हे सगळ्यात मोठं कारण. कॅमेऱ्यासमोर मिनिटंच्या मिनिटं स्थिर राहील असं काहीतरी हवं होतं, आणि शेकडो वर्षं जागचं न हललेलं दगडी बांधकाम त्याला बेस्ट. शिवाय गॉथिकमध्ये नक्षी इतकी खोल कोरलेली असते की बाजूने ऊन पडलं की प्रत्येक घडी, प्रत्येक पान उठून दिसतं. सपाट भिंतीचा फोटो काढून कोण खूश होणार.

दुसरं म्हणजे १८३० नंतर फ्रान्समध्ये ह्या इमारतींचं अचानक वेड लागलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीत कितीतरी चर्च फुटली, विकली गेली, कुठे गोदाम झालं. मग सरकारला जाग आली. प्रॉस्पेर मेरिमे १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे इन्स्पेक्टर जनरल झाले, १८३७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कमिशन बसलं, आणि १८३९ मध्ये फोटोग्राफी जाहीर झाली. टायमिंग बघा.

गॉथिकचा सगळ्यात पहिला फोटो कुठला?

ठामपणे "हाच पहिला" असं म्हणणं अवघड, पण आज हातात असलेली सर्वात जुनी कॅमेऱ्याची निगेटिव्ह इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबीमधली आहे, ऑगस्ट १८३५ची. लेकॉक म्हणजे १३व्या शतकातला जोगिणींचा मठ, जो पुढे राहतं घर झाला, आणि तिथे राहत होता विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट. त्याने घरातल्याच जाळीदार खिडकीचा फोटो घेतला, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडासाच मोठा. शेजारी त्याने स्वतः लिहून ठेवलंय की नवीन असताना भिंगातून बघितलं तर साधारण २०० काचा मोजता येत होत्या.

गंमत म्हणजे ती खिडकी मध्ययुगीन नाहीच, टॅलबॉटनेच थोडी वर्षं आधी घराच्या दुरुस्तीत गॉथिक पद्धतीने बसवून घेतली होती. म्हणजे वरती म्हटलं ते पहिल्या निगेटिव्हपासूनच सुरू आहे! मठाच्या खऱ्या जुन्या कमानींच्या ओवऱ्यांचेही फोटो त्याने नंतर घेतले.

डागेरोटाइप म्हणजे काय, आणि त्यात चर्च उलटं का दिसतं?

तांब्याचा पत्रा, त्याच्यावर चांदीचा मुलामा, तो आरशासारखा घासायचा, आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालायचा, आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरला की चित्र वर येतं. हो, पाऱ्याच्या वाफेवर, खोली बंद करून, आणि ही मंडळी ते रोज करत होती.

निगेटिव्ह नसल्यामुळे एकच प्रत, आणि आरशात दिसावं तसं डावं-उजवं उलटं. चेहऱ्याचं चालून जातं, पण पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या दर्शनी बाजूची तीन दारं एकमेकांपेक्षा वेगळी आहेत, तिथे लगेच घोळ कळतो. काहीजण लेन्ससमोर आरसा किंवा प्रिझम लावून सरळ करायचे, पण त्यात उजेड कमी व्हायचा आणि आणखी थांबावं लागायचं, म्हणून बरेच जण "असू दे उलटं" म्हणून सोडून द्यायचे. त्यामुळे जुना डागेरोटाइप बघताना आधी उलट-सुलट तपासा मगच वाद घाला, निम्मे वाद तिथेच मिटतात.

बारकावे मात्र अफाट. जिरो द प्रांजे नावाच्या माणसाने १८४१ मध्ये काढलेल्या नोत्र दामच्या प्लेटा बघा. हा माणूस मुळात इस्लामी वास्तुकलेचा अभ्यासक, पुढच्याच वर्षी पूर्वेकडे प्रवासाला निघाला आणि प्लेटांचा प्रचंड साठा घेऊन परत आला, तो साठा त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षं घरातच पडून होता.

मग लोकांपर्यंत हे फोटो पोचायचे कसे, एकच प्रत असेल तर?

नक्षीकाम करणारा कारागीर ती प्लेट समोर ठेवून तांब्यावर किंवा पोलादावर चित्र कोरायचा आणि ते छापायचं. पॅरिसच्या लरबूर नावाच्या चष्मे-दुर्बिणीवाल्याने १८४० पासून अशी मालिका काढली. कारागीर लोक त्यात स्वतःच्या मनाने माणसं, घोडागाड्या, कुत्री घालायचे, कारण मूळ फोटोत रस्ता ओसाड असायचा आणि ओसाड चित्र विकलं जात नाही.

रस्ते ओसाड का? लोक नव्हते?

होते की. फोटो उमटायला मिनिटंच्या मिनिटं लागायची, त्यामुळे चालणारा माणूस प्लेटवर उमटायचाच नाही, एवढंच. एखादा भिकारी पायरीवर बसून राहिला तर तो येतो, बिशप लगबगीने गेला तर नाही.

मेणकागदाची निगेटिव्ह हे काय प्रकरण आहे? सगळे त्याचंच कौतुक करतात.

करायलाच हवं, कारण ह्याच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं. टॅलबॉटने १८४१ मध्ये कागदी निगेटिव्हचं पेटंट घेतलं, कॅलोटाइप म्हणतात त्याला. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती. पण कागदाचे तंतू छपाईत दिसायचे आणि कागद त्याच दिवशी तयार करून त्याच दिवशी वापरायला लागायचा. पॅरिसमधल्या ग्युस्ताव ल ग्रेने १८५१च्या सुमारास युक्ती काढली: कागद आधीच वितळलेल्या मेणात बुडवायचा, मग टिपकागदात धरून गरम इस्त्री फिरवायची म्हणजे जादा मेण निघून जातं आणि कागद पारदर्शक होतो. मग आयोडाइडच्या द्रावणात, आणि त्या द्रावणात काय होतं माहितीये का, दुधातली साखर आणि तांदूळ शिजवलेलं पाणी! हो, आपली पेज. शेवटी सिल्व्हर नायट्रेट, धुणं, वाळवणं.

असा कागद दहा-बारा दिवस टिकायचा. म्हणजे घरी बसून गठ्ठा तयार करा, फाइलीत घाला, घोडागाडीने तीन गावं फिरा, फोटो काढा आणि नंतर निवांत गॅलिक ॲसिडमध्ये डेव्हलप करा. त्याच १८५१ सालात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरची कोलोडियन पद्धत जाहीर केली, ती जास्त शार्प आणि जास्त फास्ट, पण काच ओली असतानाच सगळं उरकावं लागायचं म्हणजे डार्करूमचा तंबू पाठीवर घेऊन फिरा. प्रवासाला मेणकागदच बरा होता.

आणि दिसायलाही, माझं मत सांगतो, दगडाला कागदच शोभतो. काचेवरच्या निगेटिव्हमधला दगड कधीकधी पत्र्यासारखा वाटतो, कागदातला दगड खरखरीत वाटतो. ह्यावर बरेच जण माझ्याशी भांडतात.

मिशन एलिओग्राफिक म्हणजे काय?

१८५१ मध्ये त्या वास्तू कमिशनने पाच फोटोग्राफर निवडले आणि त्यांना देशाचे भाग वाटून दिले की जा, ह्या यादीतल्या इमारतींचे फोटो काढून आणा. सरकारी खर्चाने वास्तूंची फोटो-नोंद करायचा एवढा मोठा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता.

आंरी ल सेककडे उत्तर आणि पूर्व, म्हणजे रँस, लाँ, त्र्वा, स्ट्रासबूर, एकाहून एक गॉथिक कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च), त्यामुळे आपल्या विषयाचा हिरो तोच. एद्वार बाल्द्यूस गेला बर्गंडी, ऱ्होन नदीचं खोरं आणि प्रोव्हान्सकडे. ल ग्रे आणि त्याचा जोडीदार मेस्त्राल मिळून ल्वारपासून खाली नैऋत्येला, कार्कासोनपर्यंत. इपोलित बायारला नॉर्मंडी. बायारने कागदाऐवजी काच वापरली आणि त्याच्या त्या दौऱ्यातलं काहीही आज हाती लागत नाही. बिचाऱ्याचं नशीबच तसं, १८३९ मध्येही त्याने स्वतःची स्वतंत्र पद्धत शोधली होती आणि सगळं श्रेय डागेरोटाइपवाल्या डागेरला गेलं.

मग ते फोटो गाजले असतील ना?

कुठले गाजतायत! निगेटिव्ह कमिशनकडे जमा झाल्या आणि ड्रॉवरमध्ये गेल्या. ना पुस्तक निघालं, ना प्रदर्शन. "ला ल्युमिएर" नावाचं फोटोग्राफीचं साप्ताहिक तेव्हा निघायचं, त्याने कुरकुर केली, पण ऑफिस ते ऑफिसच, फाइल एकदा कपाटात गेली की गेली. कमिशनच्या बाजूने बोलायचं तर त्यांना हे फोटो मुळात कलाकृती म्हणून नकोच होते, कुठल्या इमारतीवर किती पैसे खर्च करायचे हे ठरवायला पुरावा हवा होता. लोकांनी ह्या कामाची खरी दखल घेतली ती थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

ल सेकमध्ये एवढं खास काय?

तो मुळात चित्रकार. पॉल दलारोशच्या स्टुडिओत शिकलेला, ल ग्रे आणि शार्ल नेग्रही तिथलेच. बाकीचे अख्खी इमारत फ्रेममध्ये बसवायला धडपडतात, ल सेक मात्र जवळ जातो. शार्त्र कॅथेड्रलच्या दाराशी उभ्या मूर्तींचे त्याचे फोटो घ्या: अर्धी मूर्ती उन्हात, अर्धी काळ्याकुट्ट सावलीत, लांबट अंगावरच्या झग्याच्या चुण्या खांबाच्या रेषांसारख्या सरळ खाली उतरलेल्या, मधेच दगडाची झीज, आणि चेहरे असे की आता बोलतील. वास्तुतज्ज्ञाला माप हवं असेल तर ह्याचा उपयोग कमी, पण त्या दाराशी उभं राहिल्यावर नजर जिथे जाते तिथेच त्याचा कॅमेरा जातो.

१८५६च्या आसपास त्याने फोटोग्राफी सोडली ती सोडलीच. प्रती फिक्या पडतायत ही धास्ती त्या काळी सगळ्यांनाच होती, आणि बऱ्याच वर्षांनी त्याने आपल्याच जुन्या निगेटिव्हवरून सायनोटाइपच्या निळ्या प्रती काढल्या, त्या टिकतात म्हणून. बाकी आयुष्य लोखंडी कुलपं, किल्ल्या, कड्या गोळा करण्यात गेलं. तो संग्रह आज रुआं शहरात म्युझियम म्हणून बघायला मिळतो, आणि ते म्युझियम आहे कुठे, तर एका जुन्या गॉथिक चर्चमध्ये.

टॉप हॅट घातलेला माणूस आणि दगडी राक्षस, तो फोटो कोणाचा?

तो माणूस म्हणजेच ल सेक, फोटो काढला त्याच्या मित्राने, शार्ल नेग्रने, १८५३च्या सुमारास, नोत्र दामच्या बुरुजावर. राक्षस गालाला हात लावून पॅरिसकडे बघतोय, त्याला "स्त्रीज" म्हणतात.

आता मेख अशी की तो राक्षस मध्ययुगातला नाहीये. व्हियोले-ल-द्युक आणि लास्यू ह्या वास्तुविशारदांना १८४४ मध्ये नोत्र दामच्या दुरुस्तीचं काम मिळालं आणि वरच्या कठड्यावरची ही मंडळी त्या दुरुस्तीत नवीन घडवून बसवली. फोटो काढला तेव्हा राक्षस जवळजवळ कोरा करकरीत होता! आणि लोक त्याला गार्गॉइल म्हणतात तेही बरोबर नाही, गार्गॉइल म्हणजे पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी पन्हळ, तिच्या तोंडातून पाणी पडतं. हा नुसताच शोभेला बसलाय.

एवढ्या उंच इमारती फ्रेममध्ये कशा बसवायचे? रेषा तिरक्या होत नाहीत का?

कॅमेरा वर तिरका केला की होतातच, दोन्ही बुरुज वरती एकमेकांकडे झुकतात. म्हणून समोरच्या घराच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची खिडकी गाठायची, मालकाला विनंती करायची, आणि तिथून कॅमेरा अगदी सरळ ठेवून फोटो काढायचा. किंवा कॅमेऱ्याचा पुढचा भाग, म्हणजे लेन्सची फळी, वर सरकवायची आणि मागची प्लेट उभीच ठेवायची. तरी चर्चला चिकटून घरं इतकी दाट असायची की मागे सरकायला जागाच नाही. बऱ्याच जुन्या फोटोंचा अँगल "कलात्मक" वाटतो, तो खरं म्हणजे नाइलाज आहे.

आकाश नेहमी पांढरंफटक का?

तेव्हाचे कागद आणि काचा निळ्या रंगाला फारच हावरट होत्या, लाल-पिवळ्याला जवळपास आंधळ्या. दगड नीट येईपर्यंत आकाश जळून जायचं, आणि डाग दिसायला लागले की निगेटिव्हवर शाईने आकाश रंगवून टाकायचे म्हणजे छापताना स्वच्छ पांढरं येईल. कितीतरी फोटोंत शिखराच्या कडेला ब्रशची रेघ पकडता येते, झूम करून बघा.

म्हणजे तेव्हाही फोटोशॉप होतं तर?

होतंच. बाल्द्यूसने १८५१ मध्ये आर्लच्या सँ-त्रोफीम मठाच्या ओवरीचा फोटो केला, ती ओवरी अर्धी जुन्या रोमनेस्क (गॉथिकच्या आधीच्या, गोल कमानींच्या) पद्धतीची, अर्धी गॉथिक. एका निगेटिव्हमध्ये आतला अंधार आणि बाहेरचं ऊन मावेना म्हणून त्याने दहाएक निगेटिव्ह कापून जोडल्या आणि सांधे हाताने रंगवले. पहिल्या नजरेत कळतसुद्धा नाही. ह्याला फसवणूक म्हणायचं का? मला नाही वाटत, डोळ्याला तिथे जे दिसतं ते दाखवायला त्याला तेवढे तुकडे लागले.

चर्चच्या आतले फोटो इतके कमी का?

अंधार. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, तासांत जायचा. आणि रंगीत काचांच्या खिडक्या, ज्यासाठी आपण आत जातो, त्या तर छळच: निळी काच पांढरी यायची, लाल काच काळी यायची, आणि खिडकीचा उजेड कडेच्या दगडावर सांडायचा. आतल्या जागेला खरा न्याय दिला तो बऱ्याच नंतर फ्रेडरिक एव्हान्सने, मुळात लंडनचा पुस्तकविक्रेता. इंग्लंडमधल्या वेल्स शहरातल्या कॅथेड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचा १९०३चा त्याचा फोटो प्रसिद्धच आहे, पायऱ्या लाटांसारख्या वर चढत जातात. त्याला प्लॅटिनमच्या कागदावरच छापायचं असायचं, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तो कागद महाग आणि दुर्मिळ झाल्यावर त्याने कामच थांबवलं.

इंग्लंडमध्ये सरकारने असं काही केलं नाही का?

फ्रान्ससारखं नाही, तिथे हौशी आणि व्यावसायिक लोकांनीच केलं. रॉजर फेंटन, जो क्रिमियन युद्धाच्या फोटोंमुळे ओळखला जातो, त्याने १८५०च्या दशकात टिंटर्न, लिंकन, सॉल्सबरी वगैरे ठिकाणी मोठ्या काचांवर अप्रतिम काम केलं आणि १८६२ मध्ये कॅमेरा विकून वकिलीकडे वळला.

इंग्लिश कलासमीक्षक जॉन रस्किनची केस जास्त मजेशीर. १८४५ मध्ये व्हेनिसमध्ये त्याने गॉथिक राजवाड्यांचे डागेरोटाइप विकत घेतले आणि वडिलांना पत्र लिहिलं की हे म्हणजे जवळपास राजवाडाच उचलून आणल्यासारखं आहे. पुढे नोकराला हाताशी घेऊन स्वतः काढून घेतले. आणि म्हातारपणाकडे झुकल्यावर हाच माणूस फोटोग्राफीला नावं ठेवायला लागला!

दुरुस्तीच्या कामात ह्या फोटोंचा खरंच उपयोग झाला?

व्हियोले-ल-द्युकने स्वतः लिहून ठेवलंय की काम सुरू करण्याआधी फोटो घ्यावेत, कारण जागेवर डोळ्याला न दिसलेल्या खुणा फोटोत सापडतात. आता त्याने स्वतःच इतकं काही नव्याने घातलं की त्याच्याविरुद्धचा पुरावाही फोटोंनीच जपला, हा भाग वेगळा.

रँसचं उदाहरण सगळ्यात बोचरं आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांनी कॅथेड्रल पेटलं, दारावरच्या हसऱ्या देवदूताचं मस्तक खाली पडून फुटलं. ते परत बसवलं ते जुन्या प्लास्टरच्या साच्याच्या आधाराने, म्हणजे तिथे फोटोपेक्षा साचा कामाला आला. पण बाकी दर्शनी भागावरचं १९१४ पूर्वीचं मूर्तिकाम डोळ्यांनी बघायचं असेल तर ल सेकसारख्यांच्या जुन्या फोटोंकडे जावं लागतं.

आपल्याकडे ह्याचा काही संबंध?

आहे, आणि जवळचा आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, पॅरिस-लंडनच्या फार मागे नाही. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी दोघंही त्यात होते, नारायण दाजी तर स्वतः फोटो काढायचे. १८५५ मध्ये कंपनी सरकारने कॅप्टन बिग्जला विजापूर, बदामी, ऐहोळेकडे इमारतींचे फोटो काढायला नेमलं, तेही कागदी निगेटिव्हवर. कल्पना तीच, फक्त इमारती गॉथिक नव्हत्या.

मुंबईचं गॉथिक आलं तेव्हा कॅमेरा आधीच हजर होता. त्यामुळे सेक्रेटरिएट (१८७४), हायकोर्ट (१८७८), राजाबाई टॉवर (१८७८), व्हीटी (१८८८) ह्या इमारतींचे नव्या कोऱ्या अवस्थेतले फोटो आहेत, जे शार्त्र-रँसच्या बाबतीत अर्थातच शक्य नव्हतं. राजाबाई टॉवरचं डिझाइन करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट तर मुंबईला कधी आलाच नाही, त्याने आपली इमारत पाहिली असेल तर फार तर कागदावर.

तारीख नसलेला जुना फोटो हाती लागला तर कधीचा ते कसं ओळखायचं?

इमारतीवरूनच. नोत्र दामवर मधलं टोकदार शिखर नसेल तर १८५९च्या आधीचा, कारण जुनं शिखर १८व्या शतकाच्या शेवटी उतरवलं होतं आणि व्हियोले-ल-द्युकचं १८५९ मध्ये उभं राहिलं. (१५ एप्रिल २०१९ला जळालं ते हेच. त्यानंतरचे शिखर नसलेले फोटो रंगीत आणि मोबाइलवरचे असतात, त्यामुळे गोंधळ नको.) दर्शनी बाजूला दारांच्या वर राजांच्या २८ मूर्तींची रांग असते, ती रिकामी दिसली तर आणखी जुना. क्रांतीच्या वेळी १७९३ मध्ये त्या मूर्ती फोडल्या होत्या, आणि मूळ २१ मस्तकं १९७७ मध्ये पॅरिसमध्येच खोदकामात सापडली, आता क्लुनी म्युझियममध्ये आहेत.

कोलोन कॅथेड्रलचं तर फारच सोपं. बांधकाम १२४८ला सुरू, १६व्या शतकात बंद, १८४२ला परत सुरू, १८८०ला पूर्ण. अर्धवट बुरुजावर मध्ययुगातली लाकडी क्रेन दिसली तर १८६८च्या आधीचा, दोन्ही शिखरं पूर्ण असतील तर १८८० किंवा नंतरचा.

मुंबईत व्हीटीच्या मधल्या घड्याळाखाली राणी व्हिक्टोरियाचा पुतळा दिसला तर स्वातंत्र्यानंतर तो काढायच्या आधीचा. ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको बिल्डिंगांची रांग नसेल आणि हायकोर्ट-राजाबाईच्या समोर थेट बॅक बेचं पाणी दिसत असेल तर १९३०च्या दशकातल्या बांधकामाच्या आधीचा. आणि हो, प्रिंटच्या मागची पेन्सिलीतली तारीख शेवटी बघा, ती बऱ्याचदा विकणाऱ्याने घातलेली असते.